दिवसातून दोन खाचा

मे महिन्यात सोलापूरला जाऊन आले असं सांगितलं, की पुण्यातली माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. पुढचा प्रश्न ठरलेला. चादरी आणल्या का? नाही आणल्या. मी गेले होते ती पेशी बघायला. जिवंत पेशी, उंदराच्या कातडीच्या. एवढं म्हटलं की चादरींचा विषय आपोआप मिटतो आणि मला बोलायला मोकळं रान मिळतं.

माझा धंदा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्येच विचारायला नको. बोटभर खोल वाट्या असलेली एक छोटी थाळी असते. प्रत्येक वाटीच्या तळाला सोन्याची बारीक पट्टी. वाटीत गुलाबी पोषक पाण्यात पेशी सोडायच्या आणि पट्टीतून अगदी किंचित वीज खेळवायची, पेशींना कळणारही नाही इतकी. पेशी तळाला चिकटल्या, पसरल्या, की विजेची वाट अडते. अंगणात पापड पसरत गेले की खालची चटई दिसेनाशी होते, तसं. किती अडली ते यंत्र दर मिनिटाला मोजतं आणि संगणकावर रेघ काढत राहतं. पेशी खुशाल असल्या की रेघ चढते, मेल्या की उतरते. ही यंत्रं मी बसवते, आणि बिघडली तर दुरुस्त करते. बिघडत नाहीत, हे माझं म्हणणं.

तर सोलापूरच्या एका कॉलेजातून तक्रार आली की यंत्र बिघडलंय. रेघेला दिवसातून दोनदा खाच पडते. शुक्रवारी त्यांच्याकडे तपासणी समिती यायची होती आणि समितीपुढे आमच्या यंत्राचं नाव खराब होईल म्हणून साहेबांचा जीव खालीवर. ते म्हणाले, ‘तुम्हीच जा.’ मी म्हणाले, ‘यंत्र चांगलंच आहे, पण जाते.’ बावन्नाव्या वर्षी माणसाला आपण बरोबर आहोत हे सिद्ध करायला कितीही लांब जावंसं वाटतं.

सोमवार

स्टेशनवर मला घ्यायला महादेवी आली होती. तिशीची, चटपटीत, तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की फक्त चष्मा दिसत होता. स्कूटरवर मागे बसताना मी म्हणाले, ‘फार ऊन आहे गं.’

‘आज कमी आहे की मॅडम,’ ती म्हणाली. ‘बेचाळीसच आहे.’

सीटवर बसले आणि ताबडतोब उभी राहिले. सोलापुरात उन्हात लावलेल्या गाडीवर आधी ओला रुमाल टाकतात, मग बसतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी खुर्चीत जरा तिरकी बसत होते, ते लोकांना माझं पुणेरीपण वाटलं असावं.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. तिथला एसी एप्रिलातच बंद पडलेला. भिंतीवरच्या तापमापकाने चाळीस दाखवलं. कोपऱ्यात पेशी ठेवायचा इन्क्युबेटर, कपाटाएवढा. एरवी इन्क्युबेटर ऊब देतो. पण महादेवीच्या सरांनी सोलापूर ओळखून थंड करायचीही सोय असलेला घेतला होता, म्हणून आत बरोबर सदतीस. म्हणजे त्या खोलीत सगळ्यांत थंड जागा उबवायच्या कपाटात होती. पेशींचा मला हेवा वाटला.

मी पर्स ठेवायच्या आत समोर पाण्याचा तांब्या आला. आणणारे बिरामामा, प्रयोगशाळेतले शिपाई. पंचावन्नचे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगाने काटक. माळशिरसकडचे. भाऊ अजून मेंढरं राखतात, हे एकटे नोकरीला लागले. पुण्यात आम्ही पाहुण्याला विचारतो, ‘पाणी हवंय का?’ आणि प्रश्नातच उत्तर सुचवून ठेवतो. इथे विचारत नाहीत. तांब्या पुढे येतो, आणि तो रिकामा होईपर्यंत माणूस समोरून हलत नाही.

महादेवीने आलेख उघडला. तिचं काम खरोखर सुंदर होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं. मेंढरं कातरताना कातडी कापली जाते, त्यावर धनगर लोक दगडीपाला चोळतात. आपणही लहानपणी गुडघा फुटला की चोळायचो. त्या पाल्याने जखम खरंच लवकर भरते का, आणि पेशींना त्रास तर होत नाही ना, हे ती चार वर्षं शोधत होती. आमचं यंत्र वाटीच्या तळाशी विजेचा एक जोरकस झटका देऊन पेशींना जखम करतं. पट्टीवरच्या पेशी मरतात, रेघ धाडकन खाली येते. मग आजूबाजूच्या पेशी सरकत सरकत येऊन ती जागा भरतात आणि रेघ पुन्हा चढते. निम्म्या वाट्यांत पाल्याचा अर्क, निम्म्यांत नाही. कोण आधी चढतं ते बघायचं.

हे सगळं आलेखात दिसत होतं. आणि रोज सकाळी दहाच्या सुमाराला आणि दुपारी चारला, सगळ्या वाट्यांच्या रेघांना एकदम, एकसारखी, खाली जाणारी खाच. उंदराने कुरतडावी तशी.

‘माझं यंत्र असं करत नाही,’ मी म्हणाले.

‘पण करतंय की मॅडम.’

‘तुमच्याकडची वीज खराब असेल. ही फाईल पुसून टाक. समितीला हे दाखवलंस तर हसं होईल. आपण नवीन आलेख काढू, स्वच्छ.’

‘हो मॅडम,’ ती म्हणाली. मग आलेख बंद करत, ‘समितीने दोन वर्षं वाढवून दिली तर काम पुरं होतं. नाही दिली तर मैंदर्गीला परत. वडलांचं बियाण्याचं दुकान आहे. दुकान वाईट नाही. पण मला जायचं नाही मॅडम.’

इतकं सरळ कुणी बोललं की मी गडबडते. पुण्यात हे वाक्य यायला तीन भेटी लागतात. मी म्हणाले, ‘काळजी करू नकोस, मी आलेय ना,’ आणि पेचकस काढला.

मंगळवार

सकाळभर मी वीज तपासली. अर्थिंग तपासलं, वायरी सोडून पुन्हा जोडल्या, टेबलाखाली आडवी झाले. सगळं ठीक. मग मला मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा संशय आला. सुरू होताना वीज ओढत असतील. उन्हातून तिथे गेले. मागावर एक वयस्क जोडपं, घरात तेलुगू बोलणारं. माग किती वाजता सुरू करता, असं विचारलं.

‘सातला,’ म्हातारा म्हणाला. ‘सातला बंद. मधी जेवाय बंद. का हो?’

मी पेशींचं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. ‘वाढतात म्हणता. मग त्यांचं पुढं काय करतात?’

‘काही नाही. मोजून झाल्या की टाकून देतो.’

त्याने बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. दोघं पोट धरून हसली. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही आणि माहीत नाही तेच बरं. पण दहा आणि चार या वेळा मागांच्या नव्हत्या, एवढं नक्की झालं.

दुपारी डबा खाऊन प्रयोगशाळेत शिरले आणि रोजच्या सवयीने ‘हुश्श, सावली’ म्हणायला तोंड उघडलं, तर आतही तेच. तापमापक एकेचाळीस. इन्क्युबेटरच्या काचेवर सदतीस. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुण्यात इन्क्युबेटरचं दार उघडलं की बाहेरची गार हवा आत जाते, पाणी निवतं, वीज जरा अडते आणि रेघेला वर जाणारा उंचवटा येतो. हे मी हजार वेळा बघितलंय, झोपेतही ओळखीन. खाच खाली जात होती म्हणून दाराचा संशय मला आलाच नाही. पण इथे दार उघडलं तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम. पाणी तापणार, वीज सुळकन जाणार, रेघ खाली. म्हणजे यंत्र उत्तम होतं. दिवसातून दोनदा कुणीतरी दार उघडत होतं. इतका आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी त्याला सांगितलंय.

पावणेचारला मी कपाटाच्या आड जाऊन उभी राहिले. महादेवीला म्हणाले, तू बाहेर थांब. बरोबर चारला बिरामामा आले. हातात स्टीलचा जग. दाराशी चपला काढल्या, जग खाली ठेवला, इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि वाकून एकेक थाळी बघू लागले. ओठ हलत होते.

‘मामा, काय चाललंय?’ मी आडून बाहेर आले. चोर पकडल्यासारखी माझी मुद्रा असणार.

मामा दचकले नाहीत. ‘बघतुय.’

‘काय बघताय?’

‘जित्राबं. बरी हायती का बघतुय.’

‘कुणी सांगितलं बघायला?’

‘सांगाय कशाला पायजे? ताईंनीच म्हनल्यालं, ह्यातलं समदं जित्तं हाय म्हनून. जित्तं हाय तर सकाळी एकदा आन् सांच्याला एकदा बघाय नगो व्हय? आमच्यात मेंढरं सोडताना बघत्यात, वाड्यात कोंडताना बघत्यात. न बघता कोंडलं तर झोप येत न्हाय मानसाला.’

महादेवी दारात उभी राहून ऐकत होती. तिने कपाळावर हात मारला, पण तोंडावर हसू होतं. मला हसू आलं नाही. चार वर्षांच्या कामाला रोज दोन खाचा पाडणारा माणूस मला सापडला होता, आणि तो वर मलाच समजावत होता.

मी त्यांना पाऊण तास शिकवलं. तापमान, वीज, रेघ, सगळं. शेवटी म्हणाले, ‘आता बघायची गरज नाही मामा. हे यंत्र दर मिनिटाला बघतं.’

मामांनी यंत्राकडे नीट बघितलं. ‘त्ये मोजतंय,’ ते म्हणाले. ‘बघत न्हाय.’

मी इन्क्युबेटरला किल्ली लावली आणि ती स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ‘शुक्रवारपर्यंत हे दार कुणी उघडायचं नाही. आणि विजेच्या यंत्राजवळ पाण्याचा जग तर अजिबात आणायचा नाही.’

‘पन बाई, ते...’

‘पण नाही आणि बिण नाही.’

मामांनी जग उचलला, चपला घातल्या आणि गेले. पाच वाजता मी तेवढ्यापुरतं कुलूप काढलं. आम्ही नवी थाळी भरून आत ठेवली आणि जखमेचा झटका बुधवारी संध्याकाळी आपोआप बसेल असा लावून दिला. किल्ली पुन्हा पर्समध्ये.

बुधवार, मैंदर्गी

दार उघडायचं नाही म्हटल्यावर काम उरलं नाही. महादेवी म्हणाली, ‘घरी चला की मॅडम, मैंदर्गीला. पालाही आणायचाय.’ मी म्हणाले, आधी घरी फोन करून विचार. तिला कळेना. स्वतःच्या घरी काय विचारायचं? पुण्यात मी सख्ख्या बहिणीकडेसुद्धा फोन करून जाते, हे मी तिला सांगितलं नाही.

अक्कलकोट ओलांडलं की दुकानांच्या पाट्या हळूहळू कन्नडकडे झुकायला लागतात. मैंदर्गीला महादेवीच्या आईने दारातच कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. मला येत नाही हे महादेवीने सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि कन्नडमध्येच पुढे बोलू लागल्या. मी मराठीत उत्तरं दिली. आमचं छान जमलं. दोघींनाही आपापलं म्हणणं पूर्ण करता आलं, जे एका भाषेतल्या माणसांना क्वचित जमतं.

जेवायला शेंगदाण्याच्या कुटात भरलेली वांगी, शेंगाचटणी, आमटी, दही आणि कडक भाकरी. ही ज्वारीची भाकरी वाळवून पापडासारखी करतात, महिना टिकते. मी ती सरळ चावायला गेले. महादेवीच्या वडलांनी न बोलता आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि मी बघतेय ना याची खात्री करून खाल्ला. मी तसंच केलं. त्यानंतर मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुरे म्हणायला ‘साकु’ म्हणायचं, हे महादेवीने शिकवलं. मी साकु म्हणाले, शेंगापोळी आली. पुन्हा म्हणाले, आणखी एक आली, वर तूप. साकुचा अर्थ बहुधा पहिल्या तीन वेळी धरत नाहीत. शेवटी मी ताटावर दोन्ही हात आडवे ठेवले, तेव्हा त्यांनी हातांवर वाढली नाही एवढंच.

दुपार कलल्यावर विहिरीच्या पाटाकडेला पाला खुडला. मे महिन्यात तेवढीच हिरवी पट्टी. महादेवीचे वडील फार कमी बोलतात. बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकच बोलतं, असं त्यांचं म्हणणं. पाल्याची पिशवी माझ्याकडे देताना त्यांनी विचारलं, ‘तिला दोन वर्षं मिळतील का हो?’

मी फोन काढला. प्रयोगशाळेतल्या यंत्राची रेघ फोनवर दिसते. गुळगुळीत चढलेली होती, एक ओरखडा नाही. ‘हे बघा,’ मी म्हणाले. ‘असला आलेख समितीने जन्मात बघितला नसेल. मिळणार म्हणजे मिळणार. मी आहे ना.’

त्यांनी फोनकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. ते मला आता आठवतं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गुरुवार

सकाळी नऊला रेघ अशी होती की चौकट करून लावावी. जखमेच्या जागी खोल दरी, मग पाल्याच्या वाट्या वर निघालेल्या, साध्या वाट्या मागे. आदल्या दिवशीच्या दहाची खाच नाही, चारचीही नाही. मी साहेबांना कळवलं की यंत्र निर्दोष, माणसांची चूक. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखी मी त्या खोलीत वावरत होते.

साडेअकराला महादेवी म्हणाली, ‘मॅडम, रेघ थांबली का?’

थांबली होती. मग वाकली. आधी कोपऱ्यातल्या वाट्या, मग मधल्या. पाल्याच्या, बिनपाल्याच्या, सगळ्या. दोन तासांत रेघा उतारावरून खाली यायला लागल्या. महादेवीचा चेहरा उतरला. ‘पाल्यानेच मारल्या का?’

‘बिनपाल्याच्याही मरतायत,’ मी म्हणाले. ‘पाला नाही.’

‘मग?’

मग काय ते मला माहीत नव्हतं. मी पुन्हा टेबलाखाली आडवी झाले. वायरी ठीक, अर्थिंग ठीक. यंत्र उत्तम चाललं होतं. पेशी मरतायत हे ते दर मिनिटाला अचूक सांगत होतं.

शेवटी किल्ली काढली आणि दार उघडलं. आतली हवा तोंडावर आली ती कोरडी ठणठणीत. इन्क्युबेटरच्या तळाला स्टीलचं एक पसरट ताट असतं. त्यात पाणी ठेवतात, आतली हवा ओली राहावी म्हणून. नाहीतर वाट्यांतलं पाणी उडतं, उरलेलं खारट होत जातं आणि पेशी आक्रसून मरतात. ताटात थेंब नव्हता.

‘असं कसं?’ महादेवी म्हणाली. ‘आठवड्याने भरायचं असतं. मी दर सोमवारी बघते, काठोकाठ असतं. मला वाटायचं, इन्क्युबेटर चांगला आहे.’

आम्ही दोघींनी एकदमच मागे वळून बघितलं. बिरामामा दारात उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर. चपला काढलेल्या.

‘मामा, हे पाणी तुम्ही घालत होता?’

‘व्हय की. सकाळी अन् सांच्याला. दीड दिसात आटतंय त्ये.’

दीड दिवसात आटणारच. थंड करणारी नळी आतली ओल ओढून घेते. घरच्या एसीतून बाहेर पाणी टपकतं, ते हेच. सोलापूरसाठी मुद्दाम थंड करायची सोय घेतली, तिनेच सोलापूरसारखी कोरड केली. आणि माहितीपुस्तकात लिहिलं होतं आठवडा, ते कुठल्यातरी थंड गावातल्या माणसाने लिहिलेलं. मीही तेच पुस्तक पाठ केलेलं.

‘अहो मग सांगायचं नाही का?’ मी म्हणाले. आवाज माझाच, पण त्यात दम नव्हता.

‘सांगत हुतो की. पन बिन न्हाय म्हनलासा.’

मी खाली बसले. मला लाज वाटली, खरी. जग घेऊन आलेला माणूस मी हाकलला होता, किल्ली पर्समध्ये घालून त्याच्या लेकीच्या वयाच्या मुलीच्या घरी जेवून आले होते, आणि तिच्या बापाला मरणाऱ्या पेशींची रेघ दाखवून शब्द दिला होता. महादेवी रडली नाही. ती स्टुलावर बसून हातातल्या पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. नवीन थाळी लावायला तीन दिवस लागतात. समिती दुसऱ्या दिवशी अकराला.

मामांनी ताट भरलं. आता उपयोग नव्हता, तरी भरलं. दार लावलं.

मग महादेवी खाली बघत म्हणाली, ‘मॅडम, ती पहिली फाईल आहे.’

‘कुठली?’

‘खाचांची. तुम्ही पुसायला सांगितली ती. मी पुसली नाही.’

‘तू हो म्हणाली होतीस.’

‘हो म्हणाले. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?’

पुण्यात आम्ही तोंडावर नाही म्हणतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. त्या सोमवारी माझ्या तोंडावर कुणी नाही म्हणालं असतं, तर मी वाद घालून जिंकले असते आणि स्वतःच्या हाताने फाईल पुसली असती. मी तिचा हात धरला. म्हणाले, ‘छापून काढ.’

शुक्रवार

समितीत तिघं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावर आयुष्यभर चुकीचे पेपर तपासल्याचा त्रास. उरलेले दोघं त्यांच्याकडे बघून मान हलवणारे. खोलीत दोन पंखे लावले होते आणि ते आलटून पालटून कागद उडवत होते. मी मागच्या खुर्चीत, हात मांडीवर दाबून.

महादेवीने सगळं नीट सांगितलं. जखम, पाला, चढणारी रेघ. पाल्याच्या वाट्या स्पष्ट पुढे होत्या. अध्यक्षांनी आलेख डोळ्यांजवळ नेला.

‘या खाचा कसल्या?’

‘दार उघडल्याच्या, सर. दिवसातून दोनदा. सगळ्या वाट्यांना सारख्याच पडतात, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही.’

‘तरी पण. इतकं महागाचं यंत्र, आणि आलेख असा? या खाचा काढून टाकता येणार नाहीत का?’

‘काढून बघितल्या सर,’ महादेवी म्हणाली. ‘पेशी मेल्या.’

तिने दुसरा कागद पुढे केला. माझा. गुळगुळीत, देखणा, आणि शेवटी जमिनीला टेकलेला. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले.

‘हे कसं झालं?’

महादेवी माझं नाव घेणार नव्हती, पाहुणी होते ना. ‘झालं सर,’ एवढंच म्हणाली. अध्यक्षांच्या भुवया चढल्या. ‘झालं’ हे उत्तर तपासणीत चालत नाही. शेजारच्या सदस्याने काहीतरी लिहून घ्यायला पेन उचललं, आणि दोन वर्षं डोळ्यांदेखत निसटताना मला दिसली.

मी उठले. ‘मी मारल्या,’ मी म्हणाले.

तिघांनी मागे वळून बघितलं. मग मी सगळं सांगितलं. किल्ली, पर्स, जग, ताट. स्वतःची बाजू घेतली नाही, आणि हे मला किती जड गेलं ते माझ्या घरच्यांनाच कळेल. मैंदर्गीच्या शेंगापोळीचंही सांगितलं, त्याची गरज नव्हती. कुणी हसलं नाही.

‘बोलवा त्यांना,’ अध्यक्ष म्हणाले.

मामा आले, भिंतीला लागून उभे राहिले.

‘तुम्ही दार उघडून नक्की काय बघता?’

‘पानी हाय का बघतुय. आन् वाटीतल्या पान्याचा रंग बघतुय. गुलाबी असला म्हंजी बरं चाललंय. पिवळं पडाय लागलं की ताईंना सांगतो, आज बदला म्हनून.’

महादेवी त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘मला वाटायचं तुम्ही असंच म्हणता मामा. अंदाजाने.’

‘अंदाज कशाला? दिसतंय की.’

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग समोरची मुदतवाढीची कागदपत्रं उलटून त्यातलं एक पान वर काढलं, जिथे प्रकल्पात काम करणाऱ्यांची नावं असतात. सरांचं होतं, महादेवीचं होतं. बाकी जागा कोरी.

‘पुढची दोन वर्षं दार कोण उघडणार ते यात लिहिलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘ते लिहा. मग मी सही करतो.’

महादेवीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पान ओढून घेतलं, आणि पेन टेकवून थांबली. वर बघितलं.

‘मामा, तुमचं पूर्ण नाव काय?’

चार वर्षं ती त्यांच्या हातचं पाणी पीत होती, आणि हे तिने पहिल्यांदा विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दोन वर्षांचं नव्हतं, एवढं मला कळलं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, मग गाव आणि तालुका. तिने प्रत्येक अक्षर सावकाश लिहिलं, आणि तिचं लिहून होईपर्यंत अध्यक्ष पेन उघडं धरून थांबले.